ताणावरची फुले

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. प्रत्यक्षात महाराष्ट्रात वैशाख लागतो तेव्हा विदर्भात पारा ४५ अंशांशी खेळत असतो, देशावरच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि कोकणात सकाळी आठ वाजल्यापासून घामाच्या धारा लागतात. आंब्याचा मोहोर, पळस-पांगाऱ्याचा लाल रंग, पिंपळाची तांबूस पालवी हे सगळे माघ-फाल्गुनापासूनच येऊन गेलेले असते. तरीही वर्षातली सर्वांत सुगंधी फुले याच तापलेल्या दिवसांत येतात. मोगरा, सोनचाफा, हिरवा चाफा, अनंत ही सगळी नावे उन्हाळ्याची. थंडीतल्या बागेत रंगांची लयलूट असते. पण डेलिया किंवा झिनियाचा वास घ्यायला कोणी वाकत नाही. वैशाखातल्या बागेत उलटा प्रकार. फुले बरीचशी पांढरी, आणि त्यांतली पुष्कळशी दिवस कलल्यावर उमलणारी. अंधारात लाल-जांभळ्या रंगाचा फारसा उपयोग नाही. पांढरे तेवढे उठून दिसते आणि वास लांबवर जातो, त्यामुळे रात्री फिरणाऱ्या पतंगांना फुलाचा पत्ता लागतो. दिवसभर उन्हाने दमलेला माणूस संध्याकाळी अंगणात येऊन बसतो, त्याला हा वास फुकटात मिळतो.

या फुलांचे उन्हाशी नाते फळबागायतदारांना चांगले ठाऊक आहे. डाळिंब, संत्रे, लिंबू यांच्या बागेत बहार धरायचा असतो तेव्हा आधी पाणी तोडतात. झाड ताणावर जाते, पाने पिवळी पडून गळतात, वाढ थांबते आणि झाडात अन्न साठून राहते. मग खत घालून पाणी सोडले की फांद्या फुलांनी भरतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही नावे त्या त्या हंगामावरून पडली आहेत. फुलबागेलाही हाच नियम लागू आहे, पण घरच्या बागेत तो सहसा पाळला जात नाही. तिथे झाडाला रोज दोन वेळा पाणी, दर पंधरवड्याला खत आणि बाराही महिने कौतुक असते. परिणामी पाने उदंड येतात, फुले मोजकी. ‘मोगरा हिरवागार आहे, पण फुलत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या लाडात सापडते. झाड सावलीत असेल तर वेगळी गोष्ट. मोगऱ्याला दिवसाचे निदान पाच-सहा तास ऊन लागतेच, त्यात तडजोड चालत नाही.

मोगऱ्याचे वर्ष खरे तर थंडीत सुरू होते. पाऊस संपल्यावर हळूहळू पाणी कमी करायचे, डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ बंद करायचे आणि पाने झडली की झुडूप गुडघ्याएवढे ठेवून छाटायचे. वाळक्या, गुंतलेल्या, आत वळलेल्या काड्या मुळापासून काढायच्या. मग बुंध्याभोवतीची माती खणून दोन-चार दिवस उन्हात उघडी ठेवायची, कुजलेले शेणखत घालून आळे बांधायचे आणि पाणी सुरू करायचे. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटव्याच्या टोकाला, म्हणून छाटणी जितकी निर्दय तितके फुटवे अधिक आणि फुटवे अधिक तितकी फुले अधिक. ज्याचा हात छाटताना थरथरतो त्याच्या मोगऱ्याला दहा लांब फांद्या येतात आणि दहाच झुबके.

झुबका जवळून पाहण्यासारखा असतो. फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्या असतात आणि मधली नेहमी आधी मोठी होते. सकाळी ती हिरवट पांढरी, घट्ट आणि गुळगुळीत दिसते. दुपारपर्यंत हिरवी झाक जाऊन दुधासारखी होते. दिवेलागणीला पाकळ्यांची गुंडाळी सैल पडते आणि वास सुटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच फूल कडेने तपकिरी पडू लागते. बाजाराचा सगळा व्यवहार या एका रात्रीभोवती फिरतो. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात आदिवासी शेतकरी मोगरा पिकवतात. तिथे कळ्या पहाटे, ऊन चढण्याआधी खुडतात आणि त्या दादरच्या फूलबाजारात पोचतात, म्हणजे संध्याकाळी गजऱ्यात उमलायला मोकळ्या. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या देवळात उन्हाळ्यात मोगरा महोत्सव होतो तोही याच हंगामाच्या जोरावर. घरच्या झाडावर एक बहर संपला की वाळलेले झुबके खालच्या दोन पानांसकट खुडून टाकावेत. तिथून नवे फुटवे निघतात आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा कळ्या दिसतात. हे चक्र पाऊस लागेपर्यंत दोन-तीनदा सहज फिरते.

बटमोगरा, मदनबाण, हजारी मोगरा असे प्रकार रोपवाटिकेत मिळतात. बटमोगऱ्याची कळी गोल आणि गच्च, मदनबाणाची लांब आणि टोकदार. ओवायला मदनबाण सोयीचा, ओंजळीत घ्यायला बटमोगरा. जाई आणि जुई यांना मोगऱ्याच्या पंगतीत बसवले जाते, पण त्यांचा भर उन्हाळ्याच्या शेवटाला सुरू होऊन पावसाळ्यात चालतो आणि कुंद तर थंडीचा आहे. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मोगऱ्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याचा अर्थ झाडाला लोह मिळत नाही. अशा वेळी पाणी वाढवून काही होत नाही. लिटरभर पाण्यात चिमूट-दोन चिमूट हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारली की नवी पाने हिरवी येतात. कोकणच्या तांबड्या जमिनीत हा त्रास कमी, म्हणूनच अनंतासारखे आंबट मातीचे झाड तिथे अंगणाच्या कोपऱ्यातही खुशाल वाढते आणि पुण्या-नगरला कुंडीत तळहातावर जपूनही रुसते.

ताणावर फुलणाऱ्या झाडांत बोगनवेलीचा हात कोणी धरणार नाही. एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या दुभाजकावर, डांबराच्या धगीत, धूळ खात ती जितकी फुलते तितकी बंगल्याच्या हिरवळीशेजारी फुलत नाही. जिथे माळ्याचा पाइप रोज पोचतो तिथे ती नुसत्या काटेरी फांद्या फेकते. तिचे रंगीत दिसते ते फूल नव्हेच. ती पाने आहेत, आणि त्यांच्या पोटात काडीएवढी पांढरी फुले लपलेली असतात. १७६७ मध्ये फिलिबेर कॉमरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस ती रिओ दि जानेरोजवळ पडली आणि त्याच्या सागरी मोहिमेचा प्रमुख लुई आंत्वान दि बोगनव्हिल याचे नाव तिला मिळाले. त्या मोहिमेत कॉमरसाँचा मदतनीस म्हणून पुरुषवेषात जान बारे नावाची स्त्री वावरत होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद आहे, वेलीला मात्र नाव मिळाले ते दर्यावर्दी सरदाराचे.

देवचाफाही बाहेरूनच आलेला, मध्य अमेरिकेतला. पण देवळाच्या आवारात तो इतका मुरला आहे की त्याला परका म्हणणे जिवावर येते. थंडीत त्याची सगळी पाने झडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला नागड्या, सुजलेल्या फांद्यांच्या टोकांवर फुले दिसू लागतात. त्याचा वास रात्री वाढतो, पतंग मधाच्या आशेने फुलाफुलांत सोंड घालत हिंडतात, आणि फुलात मध नावालाही नसतो. या फसवाफसवीत परागीभवन उरकते. देवचाफ्याचे नवे झाड करायचे तर हेच दिवस. हातभर लांबीची जून फांदी तोडून, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत पडू द्यावी आणि मग रेताड मातीत खोचावी. ओली फांदी लगेच लावली की ती बुडाशी कुजते. पाणी बेताचे द्यावे, कारण मुळे फुटेपर्यंत फांदीला त्याची गरज जवळजवळ नसते.

सोनचाफ्याचे गणित वेगळे आहे. त्याला ताण मानवत नाही आणि बुडाशी पाणी साचलेलेही खपत नाही. बियांपासून केलेले झाड फुलायला वर्षानुवर्षे लावते. हल्ली कलमे मिळतात, ती दोन-तीन वर्षांत, पुरुषभर उंचीवरच फुलतात. वसईच्या वाड्यांतला सोनचाफा मुंबईत सिग्नलवर गाडीच्या काचेशी येतो तो बहुधा अशाच कलमांचा. हिरवा चाफा नावाने चाफा असला तरी कूळ सीताफळाचे. त्याचे फूल आधी पानांच्याच रंगाचे असते आणि वास जवळजवळ नसतो. ते पिकून पिवळे होऊ लागले की पिकल्या फळासारखा गोड वास सुटतो आणि मग ते शोधण्यात अर्धी सकाळ जाते. तळकोकण आणि गोव्यातली सुरंगी या सगळ्यांच्या आधी, वैशाख लागता लागता संपलेली असते. तिचे वळेसर ज्यांना हवे असतील त्यांनी फाल्गुन-चैत्रातच सावंतवाडी-वेंगुर्ल्याची वाट धरावी.

मधुमालती या यादीत बसते ती रंगामुळे. तिच्या एका घोसात पांढरी, गुलाबी आणि लाल फुले एकदम दिसतात, आणि वेलीला तीन प्रकारची फुले येतात असा समज होतो. फूल एकच असते. संध्याकाळी ते पांढरे उमलते, लांब नळीच्या टोकाशी आडवे राहते आणि रात्री पतंगांना बोलावते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल होऊन खाली लोंबते. तोवर मधमाश्या आणि शिंजीर येऊन गेलेले असतात. घोस पाहून कोणते फूल कोणत्या संध्याकाळचे ते सांगता येते.

मोठ्या झाडांचा वैशाख बागेच्या कुंपणाबाहेर असतो. गुलमोहर मादागास्करचा, तरी साताऱ्यात १ मे रोजी त्याचा दिवस साजरा होतो. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल, आणि तरीही दहा माणसांतल्या आठांना ते ओळखता येत नाही. बहाव्याबद्दल असे सांगतात की तो फुलल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो. एकाच गावात बहावे महिनाभर मागेपुढे फुलतात, त्यामुळे हा अंदाज दर वर्षी कोणत्या ना कोणत्या झाडापुरता खरा ठरतो.

मे फ्लॉवर नावाचा कांदा मात्र कुंडीतही आपला महिना चुकवत नाही. मूळचा आफ्रिकेतला हा कांदा थंडीत पाने टाकून मातीत निपचित पडतो. पुष्कळ जण कुंडी रिकामी समजून दुसरे काही लावतात आणि कांद्याला खुरप्याने कापतात. मेमध्ये एक जाड, ठिपक्यांचा दांडा मातीतून वर येतो आणि त्याच्या डोक्यावर लाल चेंडू उलगडतो. त्या एका चेंडूत शे-दोनशे फुले असू शकतात. पुढे येणारी रुंद पाने कापू नयेत; पावसाळाभर तीच पुढच्या वर्षीचे फूल कांद्यात भरतात. रेन लिलीचे छोटे कांदे वळवाची एक सर पडली की चार-पाच दिवसांत गुलाबी-पांढरी फुले उभी करतात. त्यांनाही आधीची कोरड हवी असते, रोज शिंपडलेल्या कुंडीत ही गंमत होत नाही.

ही झाली हंगामाची फुले. आता कामे, आणि त्यांत पहिले पाणी. वैशाखात झाडे उन्हाने मरतात त्याहून अवेळी आणि वरवर दिलेल्या पाण्याने जास्त मरतात. रोज तांब्याभर पाणी शिंपडले की वरची बोटभर माती ओली होते, मुळे त्या ओलीच्या मागे वर येतात आणि दुपारी तिथेच भाजतात. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड आळे भरून पाणी द्यावे. आळे बुंध्याला चिकटून नको. झाडाचा घेर जिथे संपतो तिथपर्यंत हवे, कारण पाणी पिणारी मुळे तिथे असतात. वेळ सकाळची. दुपारी दोनला जास्वंदीने माना टाकलेल्या दिसल्या म्हणून धावत पाणी घालू नये. संध्याकाळी ती आपोआप सावरली तर पाणी पुरेसे आहे, सकाळीही मान खालीच असेल तर मात्र तहान खरी. उन्हात पडलेल्या पाइपमधले पहिले पाणी हात भाजेल इतके तापलेले असते, ते आधी बाहेर सोडावे.

वैशाखात महादेवाच्या पिंडीवर आणि तुळशीवर गळती बांधायची जुनी रीत आहे. बुडाला छिद्र असलेले पाणी भरलेले भांडे वर टांगायचे, छिद्रात वात किंवा दर्भ घालायचा आणि थेंब थेंब पाणी दिवसभर ठिबकू द्यायचे. याला पुण्य म्हणत असतीलही, पण शेतकी भाषेत हे ठिबक सिंचन आहे, आणि ते नेमके ज्या महिन्यात लागते त्याच महिन्यात सांगितले आहे. मोठ्या झाडांसाठी हेच काम जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले कच्चे मडके करते. ते भरून वर झाकण ठेवले की पाणी भिंतीतून पाझरत राहते. त्याहूनही स्वस्त उपाय पालापाचोळ्याचा. ज्या दिवसांत झाडे पाने गाळतात त्याच दिवसांत जमिनीला पांघरूण हवे असते, आणि नेमकी त्याच दिवसांत सोसायट्यांच्या आवारात ती पाने झाडून, ढीग करून जाळली जातात. वीतभर पाचोळा किंवा उसाचे पाचट आळ्यात पसरले की पाणी निम्म्याने टिकते म्हणायला हरकत नाही, आणि पावसाळ्यात त्याचेच खत होते. बुंध्याशी चार बोटे जागा मोकळी सोडावी.

कुंड्यांचे हाल सर्वांत वाईट. गच्चीवरची काळी प्लॅस्टिकची कुंडी चारी बाजूंनी तापते आणि मुळे उकडतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, पश्चिमेचे ऊन अडेल अशी हिरवी जाळी बांधावी, आणि खालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. खत या महिन्यात जवळजवळ थांबवावे. फार तर पातळ शेणपाणी द्यावे, रासायनिक खत उन्हात कोरड्या मातीला देऊ नये. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरची, आता फक्त सुकलेली फुले खुडावीत आणि डोळ्याखालून, खुंटावर फुटलेली जंगली फांदी दिसली की मुळापासून काढावी. ती उन्हाळ्यात फार जोर करते. रंग हवाच असेल तर ऑफिस टाइम लावावे. सकाळी ऊन चढल्यावर उमलून दुपारनंतर मिटणारी ही फुले फारसे पाणी मागत नाहीत.

कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो. पान वरून फिकट, ठिपक्याठिपक्यांचे दिसते आणि उलटून पाहिले की बारीक जाळे. पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी जोराने पाणी मारणे हा त्यावरचा पहिला आणि पुष्कळदा पुरेसा उपाय. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण पडतो. त्याच्याबरोबर मुंग्यांची रांग हमखास असते, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या त्याची राखण करतात. मुंग्या हटवल्याशिवाय नुसते निंबोळी तेल फवारून हा ढेकूण जात नाही.

आणि मग जमिनीचे काम, जे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. थंडीतले वाफे रिकामे झालेले असतात. झिनिया, कॉसमॉस यांचे बी सावलीत वाळवून कागदी पुडीत भरायचे, डेलियाचे कंद काढून कोरड्या वाळूत ठेवायचे आणि वाफा कुदळीने खोल खणून ढेकळे तशीच सोडायची. हरळीची मुळे उन्हात उघडी पडून वाळतात. ज्या वाफ्यात मर रोग किंवा सूत्रकृमी असतील तो भिजवून, त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात. चार-सहा आठवड्यांत माती इतकी तापते की बुरशी, अळ्यांची अंडी, तणाचे बी बरेचसे नाहीसे होते. लव्हाळा यालाही पुरून उरतो, त्याच्या गाठी हाताने वेचण्यावाचून गत्यंतर नाही.

निशिगंधाचे कंद याच दिवसांत, दोन-अडीच इंच खोल लावतात, म्हणजे श्रावण-भाद्रपदात दांडे निघतात. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या भोवतीची पिल्ले फुलतात, म्हणून जुने गड्डे सोडवून टपोरे तेवढे निवडावे लागतात. नव्या झाडांचे खड्डेही आताच. अक्षय्य तृतीयेला आळी घालायची चाल याच कामाची आठवण ठेवते. साध्या फुलझाडाला दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. वरची सुपीक माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला टाकावी, खड्डा तीन-चार आठवडे तापू द्यावा आणि मेच्या अखेरीस वरची माती, शेणखत, निंबोळी पेंड आणि पाचोळा घालून भरावा. मुरूम परत आत जाऊ नये. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा, कारण पहिल्या दोन पावसांत माती खाली बसते आणि सपाट भरलेल्या खड्ड्याचे डबके होते.

मग वळीव येतो. ढग गडगडतात, मातीचा वास सुटतो आणि रोपवाटिकांपुढे गर्दी होते. या पावसाच्या भरवशावर रोप लावू नये. वळवाने वरची चार बोटे माती भिजते, खालची आठवड्याच्या उन्हाने पुन्हा तापते आणि कोवळे रोप दोहोंच्या मध्ये सापडते. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते, मोसमी पाऊस मुंबईत साधारण १०-११ जूनला पोचतो आणि विदर्भात त्याहून थोडा उशिरा. खड्ड्याजवळ खुरपे वीतभर खुपसून पाहावे. माती तिथपर्यंत ओली लागली तर रोप लावायला हरकत नाही, नाहीतर आणखी आठ दिवस थांबावे.